नुसत्या शेकानं नाही

"रिकरन्स आहे," डॉक्टर कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघत म्हणाले.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"परत आलाय. जुन्या जागीच. रेडिएशन प्लस हायपरथर्मिया करू. बाहेर सिस्टर सांगतील."

आणि त्यांनी बेल वाजवली. दार उघडून पुढचा पेशंट आत आला तरी मी खुर्चीतच होते. बाहेरच्या सिस्टरनं रेडिएशन विभाग कुठल्या मजल्यावर आहे ते सांगितलं. तिला तेवढंच माहीत होतं.

मला रडू आलं नाही, राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि हे सगळं मी त्या रागातच लिहितेय. आजारातून उठलेली माणसं शांत होतात असं लोक सांगतात. मी काही झाले नाही. तुमच्या घरात कुणावर अशी वेळ आली, तर शहाणपणाच्या गोष्टींपेक्षा माझा राग तुमच्या जास्त कामाला येईल असं मला वाटतं.

माझं नाव मंगल. सोलापूर डेपोला एसटीत कंडक्टर आहे. माझे मिस्टर सुभाष त्याच डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. चार वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन करून स्तन काढला, केमो झाली, रेडिएशन झालं. केस गेले आणि परत आले. मी पुन्हा तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवून गाडीत चढले. डॉक्टर म्हणाले होते, आता फक्त गोळी आणि तपासणी. मी एकही तपासणी चुकवली नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात व्रणावर बारीक लालसर पुळ्या उठल्या. आमच्या भागातल्या डॉक्टरांना दाखवल्या. "घामोळं आहे, ताई. गाडीत दिवसभर घाम येतो, युनिफॉर्म घासतो. मलम लावा."

मी म्हटलं, "डॉक्टर, याच जागेचा कॅन्सर काढलाय."

"तुम्ही फार विचार करता," ते हसून म्हणाले.

मलम संपलं. दुसरं दिलं, तेही संपलं. उन्हाळा सरला, पुळ्या सरल्या नाहीत. अंघोळ करताना एका पुळीखाली ज्वारीच्या दाण्याएवढं कडक काहीतरी बोटाला लागलं, तेव्हा मी कुणाला न विचारता कॅन्सरच्या हॉस्पिटलात गेले. तिथं बायोप्सी केली, म्हणजे त्या जागेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याचंच उत्तर त्या दिवशी डॉक्टरांनी एका शब्दात दिलं होतं.

तेव्हा पहिली गोष्ट ही. ऑपरेशनच्या जागेवर किंवा आजूबाजूला पुळी, चट्टा, गाठ, काहीही नवीन दिसलं, तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवा. घामोळं असेल तर त्यांच्याकडून कळू दे. "फार विचार करता" असं म्हणणाऱ्या माणसाच्या दवाखान्यात दुसऱ्यांदा पाय ठेवू नका.

बातमी कळल्यावर माझे थोरले दीर वेळापूरहून आले. त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. माणूस वाईट नाही. माझ्या पहिल्या ऑपरेशनच्या वेळी हेच आप्पा आठवडाभर हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून होते. पण फोनवर येईल ते खरं, असा त्यांचा स्वभाव.

"मंगल, ह्ये बघ," असं म्हणत त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. त्यात पांढऱ्या सफारीतला एक माणूस बोलत होता, आणि त्याच्या मागं ओळीनं बेडवर लोक झोपलेले. "मोडनिंबच्या पुढं हायवेला हाय ह्ये. हीटच देत्यात. केमो न्हाय, रेडिएशन न्हाय, सुई न्हाय. मशीनवर पडून ऱ्हायचं, बास."

"आप्पा, हॉस्पिटलातबी हीटच देणार हायेत," मी म्हटलं. हायपरथर्मियाला तिथली सगळी माणसं हीटच म्हणायची, तेवढं मला कळलं होतं. "पण रेडिएशनच्या संगट."

"मग संगट कशाला? हीटनं काम व्हतंय तर रेडिएशननं अंग जाळून घ्यायचं कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण मला ते कुणी सांगितलंच नव्हतं. मी मिस्टरांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत म्हणाले, "आप्पा म्हणत्यात तर एकदा बघून यायला काय हरकत हाय?"

"हरकत माझ्या जिवाची हाय," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले.

दुसऱ्या दिवशी मी रेडिएशन विभागात जाऊन तिथल्या मॅडमच्या दारात उभी राहिले. या मॅडम रेडिएशनच्या मोठ्या डॉक्टर. त्यांच्या सिस्टरनं नंबर लावा म्हणून सांगितलं. मी म्हटलं, "नंबर लावते. पण आत गेल्यावर मला कळेपर्यंत मी उठणार नाही, हे मॅडमना आधीच सांगा."

आत गेल्यावर मॅडमनी पेन खाली ठेवलं. "विचारा."

"रेडिएशन आणि हीट, दोन्ही कशाला? हीटनं कॅन्सर जळतो म्हणतात, मग नुसती हीट का नको?"

"जळत नाही," मॅडम म्हणाल्या. "जळेल इतकं तापवलं तर आधी तुमची कातडी जळेल. आपण ती जागा फक्त चाळीस ते त्रेचाळीस डिग्रीपर्यंत नेतो. त्यानं होतं काय, तर रेडिएशनचा मार बसलेल्या कॅन्सरच्या पेशी स्वतःची दुरुस्ती करायला बघतात, ती दुरुस्ती उष्णतेनं बिघडते. म्हणजे तेवढ्याच रेडिएशनचं काम जास्त होतं. तुमच्या या जागेला एकदा पूर्ण डोस देऊन झालाय. पुन्हा तेवढाच देणं धोक्याचं आहे. म्हणून डोस कमी द्यायचा आणि त्याला उष्णतेचा हातभार लावायचा. मार रेडिएशनचा, उष्णता मदतीला. मार काढून घेतला तर नुसती मदत काय करणार?"

"सोलापुरात उन्हाळ्यात त्रेचाळीस तर बसस्टॉपवरच असतं, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. "बरोबर विचारलंत. बाहेर कितीही ऊन असलं तरी शरीर घाम काढून आतलं तापमान सांभाळतं. इथं आपण तेवढी एकच जागा आतून तापवतो, मोजून, ठरलेला वेळ. उन्हात बसून ते होत नाही. गरम पाण्याच्या पिशवीनं नाही, आणि कुठल्या गरम बेडवर झोपूनही नाही. शिवाय हे सगळ्यांसाठी नसतं. पेसमेकर असला, त्या भागात धातूची पट्टी बसवलेली असली, तर आम्ही देत नाही. कुठला कॅन्सर, किती खोल, तेही बघावं लागतं."

मराठीत, मोजक्या वाक्यांत, सगळं समजलं. मग माझ्या मनात आलं, हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? घरी जाऊन मी आप्पांना तेच सांगितलं. आप्पा म्हणाले, "डाक्टर त्येंच्याच दुकानाचं बोलणार की." पण आता माझ्याकडं उत्तर होतं, आणि माझं मी ठरवलं.

रेडिएशन आठवड्यातले बरेचसे दिवस. हीट आठवड्यातून दोनदा, आणि ती झाली की लगेच रेडिएशनच्या खोलीत. पहिल्या हीटच्या दिवशी मंगळसूत्र, बांगड्या, पिना, हुकाचा ब्लाउज, धातूचं जे जे अंगावर होतं ते काढायला लावलं. व्रणावर तापमान मोजणाऱ्या बारीक वायरी चिकटवल्या, त्यावर पाण्यानं भरलेली मऊ पिशवी ठेवली आणि तिच्यावर यंत्राचं चौकोनी तोंड आणून टेकवलं.

तुम्हाला भीती वाटत असेल म्हणून सांगते. आधी कोमट लागतं. मग जुन्या गाडीत ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर बसल्यावर लागतं तसं गरम. अंगाला घाम फुटतो, तोंड कोरडं पडतं. पाणी देतात, मध्ये मध्ये नाडी बघतात. तासभर तसंच पडून राहायचं. त्रास आहे, पण सोसवतो.

दुसऱ्या वेळी मात्र बरगडीच्या कडेला एका जागी चटका बसायला लागला. मी तिथल्या टेक्निशियनला सांगितलं, "इथं भाजतंय."

चाळिशीचा गृहस्थ होता. खुर्चीतून न उठता म्हणाला, "हीट म्हटल्यावर गरम लागणारच की, ताई. थोडं सहन करा."

थोड्या वेळानं मी परत सांगितलं. तो म्हणाला, "स्क्रीनवर सगळं नॉर्मल आहे."

यंत्र काढलं तेव्हा त्या जागी बोराएवढा फोड आला होता.

मॅडम आल्या. फोड बघून त्या टेक्निशियनवर कडाडल्या. "पेशंट भाजतंय म्हणाली की आधी पॉवर कमी करायची, मग स्क्रीन बघायची. वायर जिथं चिकटवलीय तिथलंच तापमान स्क्रीनवर दिसतं. दोन वायरींच्या मधलं फक्त पेशंटला कळतं. हे तुम्हाला मी किती वेळा सांगायचं?" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही जोरात ओरडायला हवं होतं."

माझं डोकं फिरलं. "दोनदा सांगितलं, मॅडम. स्वच्छ मराठीत. बाई ओरडल्याशिवाय तिचं खरं धरायचं नाही, असा नियम आहे का इथं?"

मॅडमनी वाकून फोड पुन्हा बघितला. मग म्हणाल्या, "नाही. चूक आमची आहे."

इतक्या वर्षांच्या दुखण्यात एखाद्या डॉक्टरच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. माझा राग काही गेला नाही, पण त्या बाईवर माझा विश्वास बसला. फोड हळूहळू भरला. पुढच्या वेळेपासून टेक्निशियन दर थोड्या वेळानं स्वतःच विचारायचा, "ताई, कुठं टोचतंय का?" तुम्हाला कुणी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. लगेच सांगा. जुन्या व्रणाची जागा बधिर असते, तिथलं तर आपल्यालाही कळत नाही. जिथलं कळतं तिथलं तरी मनात ठेवू नका.

माझं ते बोलणं बाहेर वेटिंग हॉलपर्यंत गेलं होतं. मी येऊन बाकावर बसले, तर शेजारची बाई म्हणाली, "तू लई जोरात बोलतंय."

ही राजम्मा. पन्नाशी ओलांडलेली, विडी कामगार. घरची भाषा तेलुगू, त्यामुळं मराठी बोलताना ती बाई, बाप्या, डॉक्टर, सगळ्यांना एकाच लिंगात बसवायची. तिचाही आजार माझ्यासारखाच, तिलाही रेडिएशन आणि हीट दोन्ही सुरू होतं. बाकावर बसल्या बसल्या तिची बोटं चालू असायची. हातात पान नाही, तंबाखू नाही, तरी अंगठा आणि बोट विडी वळत राहायचे. मी हसले की तीही हसायची. "थांबत नाही ते," म्हणायची.

आमचं जमलं. ती घरून शेंगाची चटणी आणायची, मी भाकरी. तिच्या छातीवरच्या गाठी बसायला लागल्या होत्या. तिनं मला पदर बाजूला करून दाखवल्या होत्या. मॅडमही तिला म्हणाल्या होत्या, चांगलं चाललंय.

आणि एके दिवशी राजम्मा आली नाही. पुढच्या वेळीही नाही. मी तिच्या मुलाला, उमेशला फोन केला. तो टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता. मागं यंत्रमागांचा खडखडाट, त्यातून तो ओरडून बोलत होता, "आई आता मोडनिंबकडं हीट घेती, मावशी. तिथं रेडिएशन लागत नाही."

मी हादरले. "कुणाला विचारलंस?"

"डॉक्टरला विचारलं की! ओपीडीत ते नवीन डॉक्टर होते. मी म्हटलं, हीटनंच बरं होत असेल तर रेडिएशन बंद करू का? त्यांनी वर पण बघितलं नाही. म्हणाले, लिहून दिलंय ते करा. आईची कातडी काळी पडली होती, गिळताना दुखायचं. घरातले सगळे म्हणाले, तिकडंच जाऊ."

मी त्याला मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगायला लागले. मागांच्या आवाजात त्याला किती ऐकू गेलं कोण जाणे. "बघतो, मावशी," म्हणाला आणि फोन ठेवला.

मोडनिंबच्या त्या केंद्राच्या व्हिडिओत हायपरथर्मिया हाच शब्द होता. हॉस्पिटलच्या पाटीवरही तोच शब्द, इंग्रजीत, मोठ्या अक्षरात. त्याचा अर्थ कुठंच लिहिलेला नव्हता. ज्याचा अर्थ कुणी सांगत नाही, असा शब्द उचलून कुणीही त्यावर दुकान मांडू शकतो.

राजम्मा परत आली तेव्हा माझं रेडिएशन संपत आलं होतं. उमेशनं तिला धरून आणलं. छातीवर मऊ सुती लुगड्याचा पदर सैल टाकलेला, आणि जवळ गेल्यावर वास. केंद्रात तिला तापलेल्या पट्ट्यांवर रोज पालथं झोपवत होते. व्रणाच्या बधिर जागेला चटके बसले ते तिला कळलेच नाहीत. फोड फुटून जखम झाली, जखम खोल गेली. तिथले लोक म्हणाले, रोग बाहेर पडतोय.

मॅडमनी तपासलं, स्कॅन केला. मला ते नंतर उमेशकडून कळलं. उघड्या जखमेवर रेडिएशन देता येत नव्हतं, आधी जखम भरायला हवी होती. आणि तेवढ्यात आजार फुप्फुसात गेला होता.

मी मॅडमच्या खोलीत गेले. या वेळी नंबरही लावला नाही. "त्या पोरानं इथं येऊन विचारलं होतं, मॅडम. तुमच्या डॉक्टरला विचारलं होतं. मला सांगितलंत तसं त्याला कुणी सांगितलं असतं तर?"

मॅडम म्हणाल्या, "त्या दिवशी ओपीडीत पाय ठेवायला जागा नव्हती."

मी खुर्ची ओढून बसले. तेव्हा त्याच म्हणाल्या, "ते कारण होत नाही. मला माहीत आहे."

पुढच्या सुट्टीला मी मोडनिंबला गेले. मिस्टर बरोबर आले. या वेळी त्यांनी स्वतःहून गाडीची किल्ली घेतली. आप्पांना मी वेळापूरहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

लग्नाच्या हॉलसारखं पत्र्याचं शेड. आत ओळीनं बेड, त्यांवर गरम पट्ट्या, स्पीकरवर बासरी. सफारीवाला हसत पुढं आला. "या, ताई. बसा. कुणासाठी आलाय?"

"राजम्मासाठी," मी म्हटलं. "तिची छाती भाजलीय इथं."

त्याचं हसू तसंच राहिलं. "शरीरातली घाण बाहेर पडताना जखम होते, ताई. ती चांगली खूण असते."

"आणि रेडिएशन बंद करायला कुणी सांगितलं?"

"आम्ही कुणालाही काही बंद करायला सांगत नाही. पेशंट स्वतःच्या इच्छेनं येतात."

तेव्हा मी खच्चून भरलेल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जावा तसा आवाज काढला. "इथं कॅन्सरचे पेशंट कोण आहेत? मी पण कॅन्सरचीच आहे. शेकानं कॅन्सर जात नाही. चालू असलेला इलाज सोडून इथं आला असाल तर आत्ता उठा!"

कुणी उठलं नाही. एक म्हातारे बाबा बेडवरून मान वर करून म्हणाले, "आरडू नगा, बाई. माज्या गुडघ्याला लई गुण हाय हितं."

ते खोटं बोलत नव्हते. गुडघ्याला शेकानं बरं वाटतंच. त्यांच्या गुडघ्याच्या खऱ्या आरामावर या माणसानं राजम्माच्या छातीचा धंदा उभा केला होता. कोपऱ्यात डोक्याला स्कार्फ बांधलेली एक बाई होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. दोन माणसांनी आम्हाला दारापर्यंत आणून सोडलं, अगदी नम्रपणे.

चहाच्या टपरीवर आप्पा कप हातात धरून नुसते बसले. चहा निवून गेला. मग म्हणाले, "मंगल, त्यो व्हिडिओ म्या लई जणांला धाडलाय गं."

"मग आता त्या सगळ्यांना फोन करा."

"आठवणार न्हाईत समदे."

"जेवढे आठवतील तेवढ्यांना करा, आप्पा. हितंच बसून करा."

त्यांनी फोन काढला. मिस्टरांनी त्यांना दुसरा चहा सांगितला. आम्ही तिथून निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि आप्पांचा घसा बसला होता.

आम्ही रीतसर तक्रार केली. उमेशनंही केली. साहेब लोक आले, पाहणी झाली. काही दिवसांनी त्या शेडवरची पाटी बदलली. कॅन्सरचं नाव गेलं, आराम आणि आरोग्य असं काहीतरी आलं. आतले बेड आहेत तिथंच आहेत. यावर काय लिहावं मला कळत नाही. शिव्या येतात, त्या इथं लिहीत नाही.

राजम्माला शेवटी मी विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, तिच्या घरी भेटले. सून विड्या वळत बसली होती. राजम्मा कॉटवर होती आणि तिची बोटं पहिल्यांदाच स्थिर होती. मी मोडनिंबचं, तक्रारीचं, पाटीचं सगळं सांगत सुटले. उमेश दारात पाठ करून उभा होता. त्याच्याकडं बघून ती मला हळू आवाजात म्हणाली, "त्याला काय बोलू नको. पोरगं आहे. मला चांगलं व्हावं म्हणूनच केलं."

"त्याच्यावर राग नाही माझा."

"मग ठीक." मग बराच वेळ दम घेऊन ती म्हणाली, "मला राग येत नाही आता. ताकद नाही. माझ्या वाटचं पण तूच कर."

त्याच आठवड्यात ती गेली.

माझ्या छातीवरच्या पुळ्या बसल्या. तो ज्वारीचा दाणा हाताला लागेना झाला. पेट स्कॅनमध्ये, म्हणजे सगळ्या शरीरात कुठं आजार शिल्लक आहे का ते बघायच्या तपासणीत, आत्ता तरी काही दिसत नाही. आत्ता तरी हे शब्द मॅडमचे आहेत आणि मला ते आवडतात, कारण त्यात थाप नाही. गोळ्या चालू आहेत, तपासण्या चालू आहेत. आजार परत येईल का, मला माहीत नाही. मॅडमनाही माहीत नाही, आणि त्या तसं सांगतात.

हॉस्पिटलच्या त्या पाटीखाली आता मराठीत चार ओळी आहेत. मॅडमनी लिहून आणल्या होत्या, त्यातले अवघड शब्द मी काढायला लावले. शेवटची ओळ अशी आहे: ही उष्णता रेडिएशनच्या किंवा केमोच्या जोडीनंच देतात, एकटी नाही. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी हॉलमध्ये जाऊन बसते. कुणी विचारलं तर सांगते, नाही विचारलं तरी सांगते. मॅडमचे आभार मानायचे तर मानते. त्या टेक्निशियनचेही मानते. तो बदलला. त्या पहिल्या मलमवाल्या डॉक्टरांचे मानत नाही.

डाव्या हाताला सूज येते म्हणून डेपोनं मला गाडीवरून उतरवून चौकशीच्या खिडकीत बसवलंय. परवा दुपारी खिडकीपुढं एक माणूस आला. हातात स्कॅनची मोठी पिशवी. मागं त्याची बायको, माझ्याहून लहान, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला.

"मोडनिंबला गाडी कवा हाय?" त्यानं विचारलं. "त्यो हीटचा दवाखाना हाय बघा हायवेला, तितं उतरायचंय."

"गाडी फलाटावर लागलीय," मी म्हटलं. "कुणाला दाखवायचंय?"

"हिला."

"रेडिएशन चालू आहे का?"

तो वैतागला. "व्हय, चालू हुतं. तुमाला काय करायचंय? गाडी सांगितली, बास झालं की."

मी शेजारच्या क्लार्कला खिडकी बघायला सांगितली आणि बाहेर आले. त्याच्याशी बोललेच नाही. बायकोचा हात धरला आणि तिला बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत घेऊन गेले. ती घाबरली, पण आली. आत कुणी नव्हतं. मी कडी लावली आणि युनिफॉर्मची बटणं काढली.

तिनं आधी नजर खाली घातली. मग वर बघितलं. सपाट छाती, आडवा व्रण, रेडिएशननं तपकिरी झालेली कातडी, बरगडीच्या कडेला फोडाचा फिका डाग. तिनं विचारलं, "गाठी-पुळ्या असं समदं बसतं?"

"माझं बसलं. रेडिएशन आणि हीट दोन्ही घेऊन. तुझं बसेल का ते तुझे डॉक्टर सांगतील, कळेपर्यंत त्यांच्यापुढून उठू नको. पण तू जिथं निघालीयस तिथं गेलेली माझी मैत्रीण आज नाही."

बाहेर माईकवर मोडनिंब, टेंभुर्णीच्या गाडीचा पुकारा झाला. पाठोपाठ दारावर थाप आली. "अगं, चल की! गाडी सुटाय लागलीया."

मी बटणं लावली. ती जागची हलली नाही. माझ्याकडं बघत होती, आणि हळूहळू तिचं तोंड लाल होत गेलं. ते रडू नव्हतं. मी ओळखते ते.

तिनं कडी काढली, दार उघडलं आणि नवऱ्याच्या हातातली स्कॅनची पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

"जाऊ द्या गाडी," ती म्हणाली. "मला माझ्या डॉक्टरला विचारायचंय. आणि मला कळंपर्यंत मी तितनं उठणार न्हाय."